ओट्याभोवतीचं शास्त्र

गृहविज्ञान हा विषय मी तेहेतीस वर्षं शिकवला, आणि या विषयाबद्दल कुणी आदरानं बोलायला लागलं की मला अजूनही हसू फुटतं. "होम सायन्स? म्हणजे पोळ्या लाटायला शिकवता ना?" असं तोंडावर विचारणारे परवडले. आदरवाले म्हणजे बहुतेक मुलासाठी स्थळं बघणारे. त्यांना वाटायचं, या डिग्रीची मुलगी घरात आणली की डॉक्टर, शिंपी आणि कामवाली या तिघांचीही सुट्टी. आमच्या विभागातल्या निम्म्या मुलींची लग्नं या गैरसमजावर झाली आणि निम्म्या सासवांचं डोकं या गैरसमजापायी फिरलं.

परवा कॉलेजनं वर्धापनाच्या अंकासाठी माझ्याकडून 'विषयाचा इतिहास' लिहून घेतला. दोन पानं, गुळगुळीत. प्राचार्य वाचून खूश. म्हणाले, "मॅडम, झकास!" त्यात एकही वाक्य खोटं नव्हतं आणि एकही वाक्य कामाचं नव्हतं. निवृत्त झालेल्या बाईकडून लोकांना एवढंच हवं असतं.

खरा इतिहास मला विचाराल तर असा. तिकडे अमेरिकेत बायका शिकल्या, पण रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत त्यांना कुणी उभं करेना. मग त्या म्हणाल्या, ठीक आहे, तुमची प्रयोगशाळा तुम्हाला लखलाभ, आमचं स्वयंपाकघर हीच आमची प्रयोगशाळा. हुशार बायका होत्या, इथवर मला त्यांचं कौतुकच आहे. पण ते शास्त्र आपल्याकडे आलं तेव्हा त्याच्याबरोबर ओव्हन आला, डायनिंग टेबल आलं, मापाचे कप आले, आणि टेबलावरचा रुमाल कमळासारखा दुमडायची विद्या आली. ज्यांच्या घरी टेबलच नाही अशा मुलींना काटा ताटाच्या डाव्या बाजूला ठेवायचा की उजव्या, हे आम्ही शिकवत सुटलो. आणि त्यावर परीक्षा! नाव तर किती वेळा बदललं. गृहशास्त्र, गृहविज्ञान, होम सायन्स, आता म्हणे रिसोर्स मॅनेजमेंट. पाटी बदलायला माणूस शिडीवर चढला की आम्ही समजायचं, विषय पुढे गेला.

मी या विषयाला गेले ते काही ध्येयानं वगैरे नाही. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, बारावीला मार्क बेताचे, आणि आत्या म्हणाली, होम सायन्सला घाला, लग्नाला बरं पडेल. आईला हे पटलं नव्हतं. ती मूळची मालवणकडची. तिनं माझं पुस्तक चाळलं, भाताच्या पेजेवरचा धडा बघितला आणि म्हणाली, "ह्या शिकूक कॉलेजात कित्याक जावक व्हया गो?" मी तिला जीवनसत्त्वांबद्दल सांगायला लागले. ती उठून निघून गेली.

कॉलेज पार्ल्याच्या बाजूला होतं. शेवटच्या वर्षाला आम्हाला दहा दिवस एका नमुन्याच्या घरात राहायला लागायचं. कॉलेजच्या आवारातच दोन खोल्यांचं घर, पडदे, सोफा, फुलदाणी सगळं जागच्या जागी. सहा मुली आणि रोजच्या पाळ्या. एक गृहिणी, एक स्वयंपाकीण, एक सफाईवाली, एक पाहुणी, असं. नवऱ्याची पाळी कुणावरच नव्हती, त्यामुळे ते घर फार सुरेख चालायचं. माझी गृहिणीची पाळी होती त्या दिवशी जेवणं झाल्यावर मी सवयीनं उठले आणि भांडी घासायला बसले. बाईंनी माझे पाच मार्क कापले. म्हणाल्या, "गृहिणीनं नियोजन करायचं असतं. भांडी घासणं तुझं काम नव्हे." सबंध डिग्रीत मला मनापासून पटलेला आणि जन्मभर पुरलेला धडा हाच.

पुढे एम.एस्सी. झाले, नोकरी लागली, लग्न झालं, आणि घाटकोपर पूर्वेला तिसऱ्या मजल्यावर आमचं घर झालं. जुनी सोसायटी, लिफ्ट नाही. मी मात्र स्वयंपाकघर नवं करून घेतलं, अगदी पुस्तकातल्यासारखं. शेगडी, सिंक आणि फ्रिज यांचा त्रिकोण किती फुटांचा असावा, ओटा कंबरेपासून किती खाली असावा, डबे कुठल्या हाताला, कचरा कुठल्या हाताला, सगळं मोजूनमापून. सुताराच्या डोक्याला मी इतका ताप दिला की शेवटी तो म्हणाला, "बाई, तुम्हीच करवत धरा." दर वर्षी तिसऱ्या वर्षाच्या मुलींना मी माझं स्वयंपाकघर बघायला घरी आणायची. मुली 'वॉव मॅडम' म्हणायच्या आणि मी विरघळायची. त्या ओट्यावर मी स्वतः शेवटची पोळी कधी लाटली, ते मात्र मला आठवत नाही.

कारण पोळ्यांना मावशी होत्या. वयानं माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मावशी. मी त्यांना मावशी म्हणायची, त्या मला ताई म्हणायच्या. म्हणजे नात्यानं पाहिलं तर आम्ही एकमेकींच्या कोण, याचा हिशेब लावायला गेलात तर डोकं चक्रावेल. मूळच्या मराठवाड्यातल्या, बौद्ध, लग्न होऊन गोवंडीला आलेल्या. नवरा देवनारच्या बाजूला एका गोदामात कामाला. सकाळी सात वाजता बसनं यायच्या, दहापर्यंत डबे, नाश्ता, दोन वेळच्या पोळ्या, भाजी, आमटी, सगळं उरकून जायच्या. त्यांच्यासाठी आमच्या घरी वेगळा कप नव्हता. हे मी जिथे तिथे सांगायची. "आमच्याकडे असलं काही नाही हं, आम्ही मानत नाही," असं मी पाहुण्यांसमोर मावशींच्या देखत म्हणायची आणि मावशी खाली मान घालून कणीक तिंबत राहायच्या. लाज कशी वाटली नाही मला, कोण जाणे.

त्यांना एक मुलगी. बारावी झाल्यावर मीच तिला आमच्या विभागात ओढलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांना सांगितलं, "आमच्याकडे पोळ्या करतात ना, त्यांची मुलगी. मीच आणली." नवी साडी दाखवावी तशी मी ती मुलगी दाखवत फिरले. ती बिचारी कोपऱ्यात उभी राहून "गुड मॉर्निंग मॅडम" म्हणायची. मुलगी शांत होती, पण मठ्ठ अजिबात नव्हती. तिला पुढे आहारशास्त्राच्या पदविकेला जायचं होतं. हॉस्पिटलात आहारतज्ज्ञ व्हायचं, पांढरा कोट घालून वॉर्डात फिरायचं, असं तिच्या मनात होतं. त्यासाठी पदवीला फर्स्ट क्लास लागतो, त्याखाली फॉर्मसुद्धा घेत नाहीत. पुस्तकं सगळी इंग्रजीत, त्यामुळे लेखी परीक्षेत तिचे मार्क जेमतेम. सगळी मदार प्रॅक्टिकलवर होती, आणि प्रॅक्टिकलमध्ये मोठे मार्क होते पाथवे चार्टचे.

हा पाथवे चार्ट म्हणजे आमच्या शास्त्राचा मानाचा तुरा. घरातल्या बाईचं काम किती पावलांचं, ते मोजायचं. स्वयंपाकघराचा नकाशा मापात काढायचा, बोर्डावर डकवायचा. बाई काम करत असताना ती जिथे जिथे वळते तिथे टाचणी टोचायची आणि एका टाचणीवरून दुसरीवर दोरा ओढत जायचं. काम संपलं की दोरा सोडवून मोजायचा, त्यावरून बाई किती चालली ते काढायचं. मग 'सुधारणा' सुचवायच्या. मिठाचा डबा इकडे घ्या, पोळपाट तिकडे ठेवा, वगैरे. मुंबईतल्या स्वयंपाकघरांत, जिथे बाई ढुंगण फिरवून उभी राहिली की त्रिकोण संपतो, तिथे आम्ही वर्षानुवर्षं मुलींना दोरे ओढायला लावले. मुली घरी आईला सांगत, जरा उगाच इकडून तिकडे जा गं, दोरा दिसायला हवा.

ही मुलगी एक दिवस माझ्या केबिनमध्ये आली. म्हणाली, "मॅडम, आमच्या खोलीत ओटा नाही. आई बसल्या जागेवर सगळं करते, हात लांब केला की डबा, मागे वळली की पाणी. ती चालतच नाही. दोरा कुठे लावू?"

खरं तर त्या क्षणी मी उठून तिच्या आईच्या पाया पडायला हवं होतं. आमच्या सगळ्या पुस्तकांना जे साधायचं होतं ते त्या बाईनं दहा बाय दहाच्या खोलीत साधलं होतं. मी म्हटलं, "मग चार्ट कसा होणार? दुसरं कुठलं तरी किचन बघ."

"तुमचं घेऊ का, मॅडम? आई तिथंच जास्त चालते."

मला गुदगुल्या झाल्या. माझं स्वयंपाकघर विद्यापीठाच्या परीक्षेत! मी म्हटलं, घे की. आणि वर वर्गात सगळ्यांना सांगते तेच तिलाही सांगितलं, "दिसेल ते टाच. स्वतःचं डोकं लावू नकोस. काम सुरू झाल्यापासून संपेपर्यंत बाईचं एकही पाऊल सुटता कामा नये."

तीन दिवस ती सकाळी आईबरोबर आली आणि स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर बसली. मांडीवर नकाशा, हातात पेन्सिल. मी बाहेर पेपर वाचत. मधून मधून आत डोकावून म्हणायची, "बघ, फ्रिजपासून सिंक किती जवळ आहे, लक्षात येतंय ना?" ती म्हणायची, "हो मॅडम." एकदा दोघी मायलेकी दाराबाहेर गेलेल्या मी पाहिल्या. वाटलं, कामाच्या वेळात गप्पा मारायला गेल्या, आणि मी कपाळाला आठी घातली. तोंडानं काही बोलले नाही, कारण मी पडले मोठ्या मनाची.

परीक्षेच्या आधी जर्नलं तपासून सही करायची असते. अठ्ठावीस जर्नलं मी एका संध्याकाळी हातावेगळी केली, टीव्हीवर मालिका चालू ठेवून. पान उलट, लाल टिक. पान उलट, लाल टिक. शेवटी सही. आमच्या विभागात सगळ्याच बाई अशाच तपासायच्या आणि कुणीही कुणाला विचारायचं नाही, असा अलिखित करार होता.

परीक्षेला बाहेरच्या परीक्षक बाई बोरिवलीकडच्या एका कॉलेजमधून आल्या होत्या. कडक इस्त्रीची साडी, गळ्यात चष्मा, आवाजात सतत तक्रार. अशा बायांना मी चांगली ओळखते, कारण दुसऱ्यांच्या कॉलेजात गेले की मीही अशीच असते. त्यांनी एकेक बोर्ड बघायला सुरुवात केली. एकीला म्हणाल्या, "टाचण्या एका रंगाच्या का?" दुसरीला म्हणाल्या, "शीर्षक अधोरेखित नाही." अशी सगळी शास्त्रीय चर्चा चालली होती.

मावशींच्या मुलीचा बोर्ड त्यांनी हातात घेतला. नकाशा सुरेख होता, ओटा, सिंक, फ्रिज, खिडकी, सगळं मापात. दोराही नीट ओढलेला. फक्त स्वयंपाकघराच्या दाराजवळच्या एका टाचणीभोवती दोऱ्याचा हा एवढा गुंडा. गुंडाळून गुंडाळून बोराएवढा झालेला.

"हा गुंता कसला?" त्यांनी पेनाच्या टोकानं दाखवलं.



त्यांनी गुंडा सोडवायला घेतला. तो सुटतोय, सुटतोय, टेबलावरून खाली आला आणि फरशीवर पसरला. मग त्यांनी जर्नल उघडलं. तिथे आकडा लिहिला होता, ओट्याभोवतीच्या चालीच्या कितीतरी पट. त्या मोठ्यानं हसल्या. "अगं, ही बाई स्वयंपाक करते की मॅरेथॉन धावते?" बाकीच्या मुली हसल्या. आमची लॅब असिस्टंट हसली. मीसुद्धा हसले. हे मला लिहायलाच हवं, मीसुद्धा हसले.

हसता हसता माझं लक्ष त्या टाचणीकडे गेलं. तिच्याशेजारी पेन्सिलीनं बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'खाली-वर'.

आणि मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. रोज सकाळी साडेआठ-नऊच्या सुमाराला मावशी गॅस बारीक करायच्या आणि म्हणायच्या, "ताई, आलेच." दार लोटून जायच्या, थोड्या वेळानं धापा टाकत परत यायच्या. अकरा वर्षं. मला वाटायचं, मिशरी लावायला जातात, नाहीतर फोनवर बोलायला. त्या जात होत्या तीन मजले उतरून, पंपाच्या खोलीमागे सोसायटीनं वॉचमन आणि कामवाल्यांसाठी बांधलेल्या संडासात. आमच्या घरात दोन आहेत. एक तर स्वयंपाकघराला लागूनच, नकाशात सुद्धा काढलेला, चौकोन करून त्यात नीट 'बाथरूम' असं लिहिलेला. त्या चौकोनात एकही टाचणी नव्हती.

त्यांना आतला वापरू नका असं मी कधी म्हटलं नव्हतं. अजिबात नाही. मी फक्त पहिल्या दिवशी, अगदी गोड आवाजात सांगितलं होतं, "खाली पंपाच्या खोलीमागे बायकांसाठी सोय आहे हं, मावशी." सोय! आमच्या सोसायटीत सगळ्या जणी पहिल्या दिवशी असंच सांगतात. गोड आवाजात, चहाचा कप हातात देत.

"अगं, बोल ना," परीक्षक बाई म्हणाल्या. "हे कुणाचं किचन आहे?"

"एका ओळखीच्यांचं," मुलगी म्हणाली. आणि तिनं माझ्याकडे पाहिलं. मला वाचवा, असं त्या नजरेत काही नव्हतं. ती अंदाज घेत होती, बाजारात माणूस समोरच्याच्या तोंडाकडे बघून अंदाज घेतो तसा. खरं सांगितलं तर आईचं काम राहील की जाईल, एवढंच तिला बघायचं होतं.

माझ्या तोंडावर तिला काय दिसलं ते मला माहीत नाही. पण तिला उत्तर मिळालं असावं.

"चुकलं मॅडम," ती म्हणाली. "दोरा उरला होता, तो तिथंच गुंडाळला."

"आणि जर्नलमधला आकडा?"

"तोपण चुकला."

मला एकच वाक्य बोलायचं होतं. 'बाई, आकडा बरोबर आहे, ते घर माझं आहे.' बस. माझी नोकरी जाणार नव्हती, पेन्शन अडणार नव्हती, कुणी मला फासावर देणार नव्हतं. फार तर बोरिवलीपर्यंत चर्चा झाली असती, अमक्या कॉलेजच्या हेड मॅडमच्या घरी असं असं चालतं. एवढ्या चर्चेला मी घाबरले. तेहेतीस वर्षं मुलींना तोंड वर करून शिकवलं, निरीक्षण करा, नोंद करा, सत्य सांगा. आणि वेळ आली तेव्हा मी मूग गिळून खिडकीबाहेर बघत बसले. तिथं एक कावळा पाण्याच्या टाकीवर बसला होता. तोही माझ्याकडे बघत नव्हता.

परीक्षक बाईंनी चाळीसपैकी अकरा दिले. म्हणाल्या, "मूलभूत चूक आहे, मॅडम. पाथवे स्वयंपाकघराच्या बाहेर जातोच कसा?" मी म्हटलं, "बरोबर आहे." आणि त्या अकरा मार्कांखाली माझी सही केली. तेही मीच.

त्या गेल्यावर मी दार लावून तिचं जर्नल उघडलं आणि पहिल्यांदा वाचलं. तीन दिवसांची निरीक्षणं, प्रत्येक फेरीची वेळ, जिन्याच्या पायऱ्या, सगळं मोजलेलं. इतकं स्वच्छ काम मी माझ्या एम.एस्सी.तही केलं नव्हतं. शेवटच्या पानावर 'सुधारणा' या मथळ्याखाली तीन ओळी होत्या. पहिली, पोळपाट शेगडीच्या डाव्या बाजूला ठेवावा. दुसरी, पिठाचा डबा खालच्या कप्प्यातून वर घ्यावा. तिसरी, 'काम करणाऱ्या स्त्रीने घरून निघताना व कामाच्या वेळेत पाणी पिऊ नये, म्हणजे एक फेरी वाचते.'

आणि त्या तिसऱ्या ओळीपुढे माझी लाल टिक होती. बाजूला 'छान' असंही लिहिलेलं होतं, माझ्याच अक्षरात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आल्या. मी फ्रिजमध्ये काहीतरी शोधायचं नाटक करत, त्यांच्याकडे न बघता म्हटलं, "मावशी, आजपासून आतलंच बाथरूम वापरा हं. उगाच कशाला खाली जाता?" त्या म्हणाल्या, "बरं ताई." आणि नऊ वाजता गॅस बारीक करून, "ताई, आलेच," म्हणत दाराबाहेर गेल्या. रोजच्यासारख्याच. मी दारात उभी राहून त्यांच्या चपलांचा आवाज खाली जाताना ऐकला. महिनाभर हेच चाललं. मला वाटलं, सवय मोडायला वेळ लागतो. असल्या समजुती काढून घ्यायला मला कुणाची मदत लागत नाही.

निकाल लागला. मुलीचा फर्स्ट क्लास चार मार्कांनी गेला. मी ऑफिसात जाऊन चौकशी केली, प्रॅक्टिकलचे मार्क पुन्हा तपासून मिळतात का म्हणून. क्लार्क म्हणाला, "मॅडम, तुम्हीच तर सही केलीय." त्याला काय ठाऊक. तो फक्त कागद दाखवत होता.

पुढच्या सोमवारी मावशींनी पोळ्या केल्या, फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवल्या, ओटा पुसला, हात पदराला पुसले आणि माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"ताई, एक तारखेपासून मी येणार नाही."

आधी वाटलं, आता पोळ्यांचं काय. खोटं कशाला बोलू, आधी तेच वाटलं. मग म्हटलं, "का हो मावशी? मार्कांमुळे रागावलात का माझ्यावर?"

"रागवायचं काय त्यात," त्या म्हणाल्या. "काल पोरीनं समदं सांगितलं. इतके दिवस बोललीच नव्हती. म्हणाली, आई, तुझं काम जाऊ नये म्हणून मी परीक्षेच्या बाईंना खोटं सांगितलं. मी म्हटलं, येडी का खुळी तू? ह्या कामापायी फर्स्ट क्लास घालवलास? पोरगी रडली. मीपण रडले. मग म्हटलं, आता परत बस परीक्षेला, वर्ष गेलं तर जाऊ दे, पण जे मोजशील ते तोंडावर सांगायचं. आणि मी तिथं राहिले तर तू परत खोटं बोलशील."

मी म्हटलं, "मावशी, मी सांगितलं होतं ना तुम्हाला, आतलं वापरा म्हणून."

"हां, सांगितलं होतं तुम्ही," त्या म्हणाल्या. आवाजात टोमणा वगैरे काही नव्हता. "पण अकरा वर्षांनी सांगितलं ना ताई. मग पाय उचलेना आत जायला."

मी विचारलं, दुसरं काम बघितलंय का. त्या म्हणाल्या, हो, चेंबूरला एका शाळेच्या कँटीनमध्ये, चपात्यांचंच. मग माझ्या तोंडून, सवयीनं, बाईच्या कामाचं शास्त्र शिकवणारीच्या तोंडून निघालं, "तिकडे जास्त देतात का?"

मावशींनी पिशवी खांद्याला लावली. माझ्याकडे बघितलं, जरा नवल वाटल्यासारखं.

"नाही ताई, थोडं कमीच देतात. पण तिथं आत संडास आहे."